पाव चेपतो, तळाची कड तुटत नाही, सुरी गंजते: दातेरी सुरीच्या नेहमीच्या तक्रारी

"सुरीक धारच नाय." पाव चेपला की आमच्या सिंधुदुर्गात पहिलं वाक्य हेच येतं. मग बाजारातून नवी सुरी येते. सुरुवातीला बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू: लोफ दाबून सपाट, ओट्यावर चुरा, तळाची कड ओढून तोडायची. ड्रॉवरमधल्या सुऱ्या वाढत जातात, तक्रार तशीच राहते.

माझ्या मते या दुखण्यात धारेचा नंबर बराच खाली लागतो. आधी पात्याची लांबी बघायची, मग दात्यांचा आकार, आणि समुद्रकाठी राहत असाल तर पात्याचं स्टील. हे तिन्ही पाहून घेतलेली मध्यम किमतीची सुरी काही वर्षं निमूट काम करते. न पाहता घेतलेली महागडीसुद्धा पावसाळा संपेपर्यंत रुसते.

आधी पावाची चौकशी करा

सुरीला दोष देण्यापूर्वी लोफला हात लावून बघा. गरम आहे? मग जगातली कुठलीही सुरी तो नीट कापणार नाही. भट्टीतून निघालेल्या पावाच्या आत पिठातला स्टार्च अजून ओला आणि चिकट असतो, थंड होताना तो घट्ट बसतो. साध्या लोफला तासभर तरी द्या, आंबवणीच्या (सावरडोच्या) जड पावाला दोन तास. बेकरीवालासुद्धा गरम लोफ स्लाइसच्या यंत्रात घालत नाही, "संध्याकाळी या" म्हणतो, ते उगाच नाही.

फ्रीजमधला पाव चुरा होत असेल तर तोही सुरीचा गुन्हा नाही. फ्रीजच्या थंडाव्यात स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, म्हणजे पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा होतो. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाव बाहेर ठेवला तर त्याला बुरशी येते, ही अडचणही खरी. यातून मार्ग असा: लोफ पूर्ण थंड झाला की त्याच दिवशी सगळा कापायचा, स्लाइस डब्यात किंवा पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकायच्या आणि लागतील तशा तव्यावर गरम करायच्या. गोठलेला अख्खा लोफ कापायला जाऊ नका, त्यात दाते मोडतात आणि बोटंही जातात.

नाचणीचा किंवा तांदळाचं पीठ घातलेला पाव चुरचुरीत असतोच. नाचणीत आणि तांदळात ग्लूटेन नसतं, त्यामुळे पाव धरून ठेवणारं जाळं कमी पडतं. अशा पावाच्या स्लाइस जाड कापा आणि वाद संपवा.

पावसाळ्याची आणखी एक गंमत. हवेतला ओलावा अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असतो, तो पावाच्या वरच्या कडक सालीत शिरतो आणि साल चामड्यासारखी चिवट होते. सुरी वरून घसरते. पाच मिनिटं ओव्हनमध्ये किंवा झाकण ठेवून तव्यावर पाव गरम करा, साल पुन्हा कुरकुरीत होते. थोडा निवू द्या आणि मग कापा.

इतकं करूनही पाव चेपत असेल, तर सुरी हातात घेऊ.

लांबी: इथेच बहुतेकांचं बिघडतं

आपला हात विळीवर तयार झालेला असतो. विळीचं पातं जागेवर असतं आणि आपण दोन्ही हातांनी वस्तू त्यावर रेटतो. कोबी, भोपळा, कैरी यांना तेच बरोबर आहे, कारण त्या वस्तू दाबाला तोंड देतात. पाव देत नाही. तो आतून पोकळ आहे, खाली रेटलं की बसलाच. पावाला रेटा जवळजवळ नको, सुरी पुढे-मागे सरकायला हवी. पातं जितकं सरकेल तितका खालचा दाब कमी लागतो.

आता साधा हिशोब करा. घरगुती लोफचा साचा साधारण ११ सेंटिमीटर रुंद असतो, भाजताना पाव फुगून वर १२ पर्यंत जातो. तुमच्या सुरीचं पातं १५ सेंटिमीटरचं असेल तर पुढे-मागे सरकायला जागा उरली तीन. तीन सेंटिमीटरच्या हालचालीत काही कापलं जात नाही, म्हणून हात आपोआप दाबायला लागतो. म्हणजे चेपण्याचं कारण सुरीची लांबी आहे, आणि आपण वर्षभर धारवाल्याला शोधत असतो.

२० सेंटिमीटर म्हणजे ८ इंची पातं घेतलं तर आठ सेंटिमीटर सरकायला मिळतात. साध्या लोफला हे किमान समजा. घरी गोल, रुंद आंबवणीचे पाव भाजत असाल तर २५ सेंटिमीटर, म्हणजे १० इंची. त्याहून लांब सुऱ्याही मिळतात, पण आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची खोली, मागची भिंत, बाजूचा मिक्सर आणि पाण्याची कळशी बघता दहा इंचांच्या पुढे जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

ऑनलाइन घेताना एक फसगत ठरलेली. "१२ इंच" लिहिलेलं असतं आणि त्यात मूठ धरलेली असते. पातं निघतं सात इंचांचं. वर्णनात पात्याची लांबी वेगळी दिलेली नसेल तर ती वस्तू सोडून द्या.

कमी दाबाने, जास्त सरकवून कापण्याचं तत्त्व बेकरीच्या यंत्रातही तेच आहे. त्या चौकटीत ओळीने बसवलेली दातेरी पाती भराभर हलत असतात आणि लोफ हळूहळू पुढे सरकतो. अमेरिकेत ओटो रोहवेडरच्या यंत्रावर कापलेला ब्रेड ७ जुलै १९२८ ला मिसुरी राज्यातल्या चिलिकॉथी गावात विकायला आला, तेव्हापासून कापलेल्या पावाची सवय जगाला लागली. घरी लोफ भाजत नसाल आणि बेकरी जवळ असेल, तर लोफ तिथूनच कापून आणा. ही सुरीच घेऊ नका. पैसे वाचले.

दाते: टोकदार की लहरी

भातकापणीचा विळा ज्यांनी हातात धरलाय त्यांना दात्यांचं काम समजावून सांगायला नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी आहे. ओला, लवचीक पेंढा गुळगुळीत धारेखाली वाकतो आणि निसटतो, दात्यांत मात्र अडकून कापला जातो. पावाच्या सालीचंही तसंच. दात्याचं टोक आधी टेकतं, सगळा जोर त्या छोट्या टोकावर येतो, साल फुटते आणि मग मागची खाच आत शिरते. खाचेतली धार पाटावर टेकत नाही, म्हणून ती गुळगुळीत धारेपेक्षा खूप जास्त टिकते.

दुकानात दोन प्रकार दिसतील. एकात दात्यांची टोकं बाहेर असतात आणि मधल्या खाचा गोलाकार. दुसऱ्यात उलट: बाहेर येणारा भाग गोल, लाटेसारखा, आणि टोकं आत वळलेली. पहिला प्रकार कडक सालीला चांगला पकडतो. दुसरा मऊ लोफवर, केकवर सफाईने चालतो, चुरा कमी करतो, पण कडक सालीवर सुरुवातीला घसरतो. एकच घ्यायची असेल तर मी टोकदार दात्यांची घेईन, कारण मऊ पाव तिने थोडा जास्त चुरा करून का होईना कापला जातो. कडक उंड्यावर, म्हणजे गोव्याकडच्या कडक सालीच्या गोल पावावर, लहरी सुरी मात्र नाचत बसते.

दाते किती दाट आहेत तेही बघा. दर इंचाला तीन ते पाच दाते असले की बरं. आठवडा बाजारातल्या स्वस्त सुऱ्यांना आणि "कधीच धार लावावी लागणार नाही" असं खोक्यावर लिहिलेल्या सुऱ्यांना करवतीच्या पात्यासारखे बारीक दाते असतात. त्या कापत नाहीत, कुरतडतात. चुऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ड्रॉवरमध्ये हीच सुरी असते. तिला घरातल्या सुतळ्या, गोणी आणि कार्डबोर्ड कापायच्या कामाला लावा, तिथे ती उत्तम आहे.

स्लाइस वर पातळ, खाली जाड

दातेरी सुऱ्या बहुधा एकाच बाजूने घासलेल्या असतात, दुसरी बाजू सपाट असते. कापताना पातं सपाट बाजूकडे ओढलं जातं. उजव्या हाताच्या माणसाची स्लाइस खाली जाड होते, कारण पातं लोफच्या आत पळतं. उपाय: सुरुवातीला अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून सालीत खोबण पाडा, मग वरून नजर ठेवून पात्याची धार किंचित स्लाइसच्या बाजूला वळवा. काही दिवसांत हाताला कळतं.

डावखुऱ्यांचं खरं हाल होतं. बाजारातल्या बहुतेक सुऱ्या उजव्यांसाठी घासलेल्या असतात, डावखुऱ्यांच्या हातात पातं स्लाइसच्या बाजूला पळतं आणि स्लाइस खाली निमुळती होते. घरात डावखुरं कुणी रोज पाव कापत असेल तर डाव्या हाताची सुरी शोधा किंवा दोन्ही बाजूंनी घासलेली घ्या. "सवय होईल" असं त्यांना सांगू नका, ते लहानपणापासून ऐकत आलेत.

तळाची कड सुटत नाही

दोन कारणं. एक, मूठ पात्याच्या रेषेतच असेल तर बोटांची पेरं पाटावर आपटतात आणि पातं तळापर्यंत पोचतच नाही. पात्यापेक्षा वर उचललेली मूठ घ्या. दुकानात सुरी काउंटरवर टेकवून मुठीत धरून बघितलं की लगेच कळतं. दुसरं कारण, पाटाला मधे खोलगट झालंय. जुन्या पोळपाटावर हे हमखास होतं.

आणि कडाप्प्याच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या पाटावर कापत असाल तर दात्यांची टोकं तुम्ही स्वतःच बोथट करताय. लाकडी पाट घ्या, आंब्याच्या किंवा फणसाच्या फळीचाही चालतो.

मऊ दुधाचा पाव चेपतोच असं वाटलं तर लोफ कुशीवर आडवा करा. वरचा फुगीर भाग सगळ्यात नाजूक, बाजूची भिंत त्यामानाने ताठ असते.

गंज: समुद्रकाठचं वेगळं प्रकरण

पुण्याच्या नातेवाइकांनी भेट दिलेली सुरी तिकडे चकचकीत राहते आणि इकडे श्रावणापर्यंत तिच्यावर तपकिरी ठिपके येतात. "स्टेनलेस लिहिलंय, मग गंज कसा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्यात लोक पुढे जोडतात, "आमचं जेवणाचं ताट तर वीस वर्षं गंजलं नाही."

ताट आणि सुरी यांचं स्टील वेगळं असतं. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजाला दाद देत नाही, पण तापवून-विझवून कठीण करता येत नाही, म्हणून त्याची धार टिकत नाही. सुरीच्या स्टीलला कठीण करावं लागतं, त्यासाठी त्यात कार्बन जास्त, क्रोमियम साधारण १३ ते १५ टक्के आणि निकेल जवळजवळ नसतं. म्हणजे सुरी मुळातच ताटापेक्षा गंजाला कच्ची. त्यात आपल्या हवेतलं मीठ. क्रोमियममुळे पात्यावर जो अदृश्य पापुद्रा असतो तो मिठातले क्लोराइड ठिकठिकाणी फोडतात आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. दातेरी सुरीत हे खड्डे खाचांत पडतात, जिथे फडकं नीट पोचत नाही. बरोबर धारेवर.

खरेदी करताना म्हणूनच पात्यावर किंवा खोक्यावर स्टीलचा प्रकार लिहिलाय का ते बघा. "एक्स ५० सीआर एमओ व्ही १५" असं कोरलेलं असेल तर त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम आहे, आपल्या हवेला बरं. "४२०" मालिकेचं स्टील मऊ, पण गंजाला ठीक आणि स्वस्त. "हाय कार्बन" एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलेली सुरी किनारपट्टीवर नको. तिची धार छान असते आणि ती रोज तुमच्याकडून सेवा करून घेते. काळा किंवा रंगीत मुलामा दिलेल्या पात्यांचाही उपयोग नाही: धार उघडीच राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

मुठीचे रिवेट लोखंडी असतील तर पहिला गंज तिथे. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते, मग उन्हाळ्यात फट पडते, फटीत पाणी बसतं. दिसायला लाकूड सुंदर, मान्य. आपल्याकडे मात्र जाड प्लॅस्टिकची, पात्यावर गच्च बसवलेली मूठ घ्या.

वापरताना मुख्य पथ्य एकच, सुरी सिंकमध्ये पडू द्यायची नाही. माशाच्या आमटीच्या किंवा सोलकढीच्या भांड्याबरोबर तर अजिबात नाही. आगळात, म्हणजे सोलकढीच्या खारवलेल्या कोकमरसात, आम्ल आणि मीठ दोन्ही असतं, गंजाला याहून चांगली सोय नाही. कापून झालं की धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा, फडकं पात्याच्या पाठीकडून दात्यांकडे न्या म्हणजे बोट वाचेल. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पुसण्यात हयगय नको. रोज वापर नसेल तर पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट पात्यावरून फिरवून ठेवा. खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, पुठ्ठा ओल धरतो. हवा लागेल अशी टांगलेली उत्तम.

ठिपके आलेच तर खाण्याच्या सोड्याची पाण्यातली लापशी लावून जुन्या टूथब्रशने खाचा घासा, धुवा, पुसा. वरवरचा गंज जातो. खड्डे पडले असतील तर ते जात नाहीत, पण धार शाबूत असेल तर सुरी वापरायला हरकत नाही.

धार खरंच गेली असेल तर

बोथट झाल्याची खूण: दिव्याखाली पातं धरा, दात्यांची टोकं चमकली तर ती गोल झालीत. तीक्ष्ण टोक प्रकाश परत पाठवत नाही. दुसरी खूण पिकलेला टोमॅटो. साल दबली आणि मग फुटली तर वेळ झाली.

सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे ही सुरी देऊ नका. कोयता, विळी, कात्री यांना त्याच्यासारखा माणूस नाही, पण सपाट चाकावर दाते झिजून जातात आणि हातात साधी वाकडीतिकडी सुरी येते. ओढून धार लावायच्या प्लॅस्टिकच्या उपकरणांचंही तेच. या सुरीला निमुळती गोल कानस लागते, सिरॅमिकची किंवा हिऱ्याच्या भुकटीची. ती खाचेत बसते. फक्त घासलेल्या बाजूने, एकेका खाचेत चार-पाच हलके हात, आणि शेवटी सपाट बाजूने बारीक दगडावर एकदा आडवं पुसायचं म्हणजे त्या बाजूला उलटून आलेला धातूचा कीस निघतो. कानस नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणून खाचेच्या मापाच्या गोल काडीला गुंडाळा. वेळखाऊ आहे, पण काम होतं. वर्षातून एकदा पुरे. शे-दीडशे रुपयांच्या सुरीवर मात्र एवढा वेळ घालवू नका.

लादी पाव, उंडे, पोई

आता ज्या घरांत लोफ क्वचितच येतो त्यांचं. कोकणातल्या बहुतेक घरांत रोजचा पाव म्हणजे लादीचा, कुठे बेकरीचा कडक, आणि गोव्याकडे पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, आणतो ते उंडे आणि कोंडा लावलेली पोई. यांना दहा इंची सुरी म्हणजे नुसती अडगळ. लादी हाताने सुटी होते. वडा किंवा भाजी भरायला पावाला पोटात चीर द्यायची असते, त्याला ११ ते १३ सेंटिमीटरची लहरी धारेची छोटी सुरी लागते. स्वित्झर्लंडच्या विक्टोरिनॉक्सची ११ सेंटिमीटरची गोल टोकाची सुरी त्याच जातीची आहे. गोल टोकाचा फायदा हा की ते पावाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर निघून तळहातात घुसत नाही. तरी पाव हातात धरून चिरू नका. पाटावर आडवा ठेवा, वरून तळहात सपाट टेकवा आणि बोटं वर उचललेली ठेवा. पोई आतून पोकळ असते, तिची कड अर्धीच चिरली की खिसा आपोआप उघडतो.

हीच छोटी सुरी टोमॅटोला, लिंबाला, पिकलेल्या अननसाच्या कापांनाही चालते, त्यामुळे पहिली खरेदी तिचीच करावी. मोठी सुरी घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आल्यावर आणि महिन्यातून दोन-चार लोफ नियमित भाजले जायला लागल्यावर. फणसाला दोन्हीपैकी एकही लावू नका. चीक खाचांत बसला की तेल लावूनही सहज निघत नाही. त्याला कोयता आहे.